हसणारे ग्रीक, हसणारे रोमन

मराठी वाचकाला ग्रीक आणि रोमन माणसे भेटली ती बहुतेक मरताना. सॉक्रेटिस भेटला तो विषाचा पेला हातात घेतलेला, सीझर भेटला तो सिनेटच्या बैठकीत खंजिरांचे घाव झेलताना, अँटिगनी भावाच्या प्रेतावर माती टाकताना आणि ईडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतल्यावर. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या विनोदकारानेही ग्रीकांकडून मराठीत आणली ती शोकांतिकाच : ‘राजा ओयदिपौस’. विंदा करंदीकरांनी अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, पण त्या ग्रंथात शोकांतिकेवर भरभरून लिहिणारा अ‍ॅरिस्टॉटल सुखात्मिकेबद्दल ‘पुढे बोलू’ असे सुचवतो आणि तो पुढचा भाग काळाच्या ओघात नाहीसा झाला आहे. उरलेले काम संग्रहालयांतल्या पुतळ्यांनी केले. मुळात रंगवलेले ते पुतळे रंग उडून पांढरेफटक झाले आणि त्यांच्याबरोबर ती माणसेही आपल्या मनात गंभीर, थंड, संगमरवरी होऊन बसली.

मी गेली २२ वर्षे एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात प्राचीन जगाचा इतिहास शिकवतो. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. अथेन्सची लोकशाही, स्पार्टाची शिस्त, रोमन कायदा, रस्ते आणि जलवाहिन्या हे सगळे ते परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरतात. यात त्यांचा दोष नाही. संगमरवराशी कोणाची ओळख होत नसते. या माणसांची ओळख करून द्यायची तर ती हसताना दाखवली पाहिजेत, या निष्कर्षावर मी हळूहळू आलो. हा मार्ग कुठवर नेतो आणि कुठे जपून चालावे लागते, याचा हा हिशेब.

पढतमूर्खांचे पुस्तक

प्राचीन काळातला एक विनोदसंग्रह आज आपल्याला उपलब्ध आहे. त्याचे नाव ‘फिलोगेलोस’, म्हणजे हास्यप्रिय. भाषा ग्रीक, संग्राहक म्हणून हिएरोक्लेस आणि फिलाग्रिउस ही दोन नावे, ज्यांच्याविषयी बाकी काही माहिती हाती लागत नाही. साधारण इ. स. च्या चौथ्या-पाचव्या शतकात, म्हणजे रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात हे संकलन आजच्या रूपाला आले असावे असे मानतात. त्यात एकूण २६५ विनोद आहेत. काही कंजुषांवर, काही वैद्यांवर, काही तोंडाला घाण येणाऱ्यांवर, काही अब्देरा, सिडोन आणि किमे या गावांच्या लोकांवर. एखाद्या गावाला मूर्खांचे गाव ठरवून टाकण्याची हौस आपल्याकडेही आहे, त्यामुळे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पण सर्वांत जास्त, शंभराहून अधिक विनोद ज्याच्यावर आहेत त्याला ग्रीकमध्ये ‘स्कोलास्तिकोस’ म्हणतात. इंग्रजी अनुवादकांनी या शब्दाशी बरीच झटापट केली आहे. मराठीला ती करावी लागत नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर शेवटचा समास खास एका माणसासाठी राखून ठेवला, तो म्हणजे पढतमूर्ख. स्कोलास्तिकोस म्हणजे हाच. शिकलेला, तर्क अगदी बिनचूक लावणारा, आणि तरीही व्यवहारात आपटणारा.

त्यातला एक विनोद मी पहिल्याच तासाला सांगतो. एक पढतमूर्ख, एक टकल्या आणि एक न्हावी प्रवासाला निघतात. रात्री उघड्यावर मुक्काम पडतो तेव्हा सामानाची राखण करायला पाळ्या ठरतात. पहिली पाळी न्हाव्याची. वेळ जात नाही म्हणून तो झोपलेल्या पढतमूर्खाचे डोके गुळगुळीत भादरून ठेवतो आणि पाळी संपल्यावर त्याला उठवतो. पढतमूर्ख डोक्यावरून हात फिरवतो आणि न्हाव्यावर चिडतो, की या गाढवाने मला उठवायचे सोडून टकल्याला उठवले. वर्ग हसतो. हशा ओसरला की मी विचारतो, हे तिघे धर्मशाळेत का उतरले नाहीत? सामानाला राखण का लागली? ‘मी कोण’ हा प्रश्न डोक्यावरच्या केसांवरून का सुटावा? पहिल्या दोन प्रश्नांतून रोमन साम्राज्यातले रस्ते, सराया आणि वाटमारी यांच्याकडे जाता येते. तिसरा प्रश्न थेट तत्त्वज्ञानाच्या वर्गात नेतो.

दुसऱ्या विनोदातला पढतमूर्ख घर विकायला काढतो आणि गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला त्याच घराचा एक दगड सोबत घेऊन फिरतो. तिसरा आपल्या गाढवाला न खाण्याची सवय लावायचे ठरवून त्याचा चारा बंद करतो. गाढव मरते तेव्हा हळहळतो, की नेमका शिकला आणि मेला.

या विनोदांचे इतिहासाच्या दृष्टीने मोल काय? विनोद सांगणारा कधीच सगळे सांगत नाही. ऐकणाऱ्याला जे आधीच माहीत आहे ते तो गाळतो, कारण समजावून सांगितलेला विनोद मरतो. राजाचा शिलालेख आपण काय केले ते सांगतो, इतिहासकार काय घडले ते सांगतो, पण त्या काळी सगळ्यांना काय गृहीत होते हे कोणी लिहून ठेवत नाही. विनोदात नेमकी तीच गाळलेली जागा असते. ती भरण्याचा प्रयत्न करताना विद्यार्थी त्या समाजात शिरतो. हसू आले नाही तरी हरकत नाही. ‘यात हसण्यासारखे काय होते?’ असे कोणी विचारले तर मी म्हणतो, आता अभ्यास सुरू झाला.

डुकराचे मृत्युपत्र

शिकवताना विनोद वापरावा ही आधुनिक शिक्षणशास्त्राची कल्पना नव्हे, ती रोमन लोकांचीच आहे. कवी होरेस आपल्या उपहासकवितेत हसत हसत सत्य सांगण्याचे समर्थन करताना दाखला देतो तो शिक्षकांचा : मुलांनी मुळाक्षरे गिरवावीत म्हणून मास्तर त्यांना खाऊ देतात. या होरेसचे स्वतःचे मास्तर ऑर्बिलिउस मात्र छडीसाठी प्रसिद्ध होते, आणि त्यांची ती ख्याती होरेसच्याच एका शब्दामुळे दोन हजार वर्षे टिकून आहे. पुढे इ. स. च्या पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियनने वक्तृत्वशिक्षणावर मोठा ग्रंथ लिहिला. लहान मुलांना हस्तिदंती अक्षरे खेळायला द्यावीत, अभ्यास हा खेळ वाटावा, मुलांना मारू नये, असे तो पहिल्याच भागात सांगतो, आणि सहाव्या भागात हास्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहितो. त्याच्या आधी सिसेरोने ‘वक्त्याविषयी’ या ग्रंथात विनोद कुठे करावा, कुठे करू नये याची लांब चर्चा केली होती. सिसेरोचे स्वतःचे विनोद त्याच्यामागे तीन खंडांत फिरत होते. संकलकाने निवड करताना हात जरा आखडता घेतला असता तर बरे झाले असते, असे क्विंटिलियनला वाटते.

पण माझा सर्वांत आवडता पुरावा वेगळाच आहे. चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळात बायबलचे भाषांतर करणारे संत जेरोम एके ठिकाणी वैतागून लिहितात, की शाळांमध्ये पोरे हसत-खिदळत डुकराच्या पिल्लाचे मृत्युपत्र म्हणत असतात. ते मृत्युपत्र आज उपलब्ध आहे. जेमतेम पानभर मजकूर, लॅटिन गद्यात.

ग्रुनिउस कोरोकोट्टा नावाचे डुक्कर आहे. ‘ग्रुनिउस’मध्ये लॅटिन कानाला डुकराचे घुरघुरणे ऐकू येते. आचारी त्याला कापायला येतो. डुक्कर दयायाचना करते, ती फेटाळली जाते, तेव्हा ते मृत्युपत्र करण्यापुरता वेळ मागून घेते. आईबाप आणि बहीण यांना ओकची फळे, गहू, जव अशी धान्ये मोजून ठेवते. बापाच्या नावात चरबी आहे आणि आईचे नाव चक्क डुकरीण. मग शरीराची वाटणी होते. केस चांभारांना, कारण ते शिवणकामात लागत. कान बहिऱ्यांना. जीभ वकिलांना आणि बडबड्यांना. मूत्राशय मुलांना, फुगवून खेळायला. घोटे धावपटूंना. आपले स्मारक उभारावे आणि त्यावर सोन्याच्या अक्षरांत आयुष्य कोरावे, असेही ते सांगते. ते जगले ९९९ वर्षे आणि वर अर्धे वर्ष. शेवटी सात साक्षीदारांच्या सह्या आहेत आणि त्यांच्या नावांत चरबी, सॉसेज, जिरे असे स्वयंपाकघर भरलेले आहे. वर्षाची नोंदही आहे : भट्टी आणि मिरे हे कॉन्सल असताना.

रोमन कायद्यावरचे माझे दोन तास या एका पानाने वाचवले. रोमन लोक वर्ष आकड्याने नव्हे, तर त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या नावाने ओळखत, म्हणून भट्टी आणि मिरे. मृत्युपत्राला सात साक्षीदार लागत, म्हणून सातच सह्या. रोमन नाव अनेक घटकांचे असे, म्हणून डुकरालाही एक नाव पुरत नाही. चेष्टा करायची तर मूळ साचा तंतोतंत पाळावा लागतो, त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात नीरस वाटणारा साचा इथे आपोआप लक्षात राहतो. शाळेतल्या रोमन पोरांनी बहुधा याच कारणासाठी ते पाठ केले असेल, किंवा निव्वळ मजा म्हणूनही.

मी विद्यार्थ्यांना याच धर्तीवर मराठीत लिहायला सांगतो. एका वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी केलेले बोकडाचे मृत्युपत्र एका मुलाने लिहून आणले. बोकडाने कातडे ढोलकीवाल्याला ठेवले, पाय खानावळीला आणि जीभ सरपंचपदाच्या उमेदवाराला. साक्षीदार होते खोबरे, खसखस आणि सुकी मिरची. पण दोघांनी सही केली आणि तिसऱ्याने अंगठा उठवला, स्टँप पेपर होता, सातबाऱ्याचा उल्लेख होता आणि ‘कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत’ हे वाक्य जागच्या जागी होते. मग वर्गातच तुलना सुरू झाली. रोमन मृत्युपत्रात सरकारी कचेरी का नाही? जमिनीऐवजी धान्य मोजून का दिले? मी शिकवले असते त्यापेक्षा हे प्रश्न पुढचे होते.

हसला कोण?

त्या मृत्युपत्रातला एक शब्द मात्र मला हसत हसत पुढे जाऊ देत नाही. आचारी डुकराला हाक मारतो ती ‘पळपुट्या’ अशी, आणि त्यासाठी वापरलेला लॅटिन शब्द रोमन कायद्यात मालकाकडून पळालेल्या गुलामासाठी येतो. डुकराला मृत्युपत्र करू दिले जाते, गुलामाला ते सर्वसाधारणपणे करता येत नसे.

फिलोगेलोसमध्ये असे विनोद कितीतरी आहेत. एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते, की तू विकलेला गुलाम मेला. पढतमूर्ख नवल करतो : माझ्याकडे होता तोवर त्याने असे कधी केले नव्हते. दुसऱ्या विनोदात प्रवासाला निघालेल्या पढतमूर्खाला मित्र सांगतो, पंधरा-पंधरा वर्षांचे दोन गुलाम घेऊन ये. तो म्हणतो, बरे, आणि तसे नाही मिळाले तर तीस वर्षांचा एक आणतो. या विनोदांमागचा व्यवहार अगदी खरा आहे. रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जाहीरनाम्यानुसार गुलाम विकणाऱ्याला त्याचे दोष सांगणे बंधनकारक होते : आजार आहे का, पळून जाण्याची खोड आहे का. आज आपण जुनी गाडी घेताना विचारतो तसेच. मेलेल्या गुलामाचा विनोद उभा आहे तो याच तरतुदीवर. विक्रेता वस्तूची हमी देतो आहे.

एकदा हा विनोद सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, हे ऐकून गुलाम हसला असेल का?” वर्ग गप्प झाला. त्या वर्गात अशीही मुले होती, ज्यांच्या जातीवर मराठीत म्हणी आहेत आणि त्या म्हणी त्यांनी स्वतः ऐकलेल्या आहेत. हसणाऱ्यांच्या घोळक्यात आपण उभे आहोत की हसण्याच्या वाटेत, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. विनोद ही गमतीची गोष्ट आहे म्हणून ती निरुपद्रवी आहे, असे मानून शिकवणारा शिक्षक अर्धाच इतिहास शिकवतो, हे त्या प्रश्नाने मला स्पष्ट करून दिले.

तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही नाटकांकडे वळलो. अ‍ॅरिस्टोफनीसचे ‘बेडूक’ हे नाटक इ. स. पू. ४०५ मधले. त्यात डायोनिसस हा देव पाताळात निघाला आहे आणि सामान वाहायला झँथिअस नावाचा गुलाम आहे. वर्षभरापूर्वी आर्गिनुसीच्या आरमारी लढाईत अथेन्सने वल्ही मारायला गुलामांना घेतले होते आणि त्यांना स्वातंत्र्य दिले होते. झँथिअसची हळहळ अशी, की मी त्या लढाईला का गेलो नाही. पाताळातला नावाडी कॅरनही त्याला नावेत घेत नाही. लढाईत नव्हतास ना, मग चालत ये. प्रेक्षक हसत असतील तेव्हा त्यांच्यात नुकतेच सुटलेले काही जण बसलेले असणे अगदी शक्य आहे.

रोमन नाटककार प्लॉटसच्या २० नाटकांची संहिता आज आपल्याकडे आहे. त्यांतल्या अनेक नाटकांत सर्वांत हुशार पात्र म्हणजे गुलाम. मालकाच्या खुळ्या मुलाचे प्रेम जमवणारा, म्हाताऱ्या मालकाला टोपी घालणारा. आपल्या संस्कृत नाटकातल्या विदूषकाशी त्याची तुलना विद्यार्थ्यांना लगेच सुचते, पण विदूषक ब्राह्मण असतो आणि राजाचा मित्र असतो. प्लॉटसचा गुलाम जवळचा वाटतो तो तमाशाच्या वगातल्या सोंगाड्याला. तोही राजाच्या तोंडावर बोलतो आणि बाजी मारतो. फरक एवढाच, की प्लॉटसच्या गुलामाच्या प्रत्येक कोटीमागे चाबूक आहे. फटके, बेड्या, जात्याला जुंपणे, क्रूस यांवरचे विनोद तो स्वतःच करतो. हे विनोद कोणासाठी होते यावर अभ्यासकांत एकमत नाही. मालकवर्गाला गुलामाच्या हुशारीचा धाक हसण्यावारी नेता यावा म्हणून, की प्रेक्षकांत मागे उभ्या असलेल्या गुलामांनाही घटकाभर जिंकता यावे म्हणून? मला वाटते, एकच ओळ दोघांनाही वेगवेगळी ऐकू येत असणार. सोंगाड्याच्या ओळीही पाटलाला आणि बलुतेदाराला सारख्या ऐकू येत नसत.

डिसेंबरच्या १७ तारखेला सुरू होणाऱ्या सॅटर्नेलिया या सणात गुलामांना बोलायची मोकळीक असे. होरेसच्या एका कवितेत दावुस नावाचा गुलाम या मोकळिकीचा फायदा घेऊन मालकाला, म्हणजे खुद्द होरेसला, खरा गुलाम तूच आहेस असे सप्रमाण सुनावतो. कवितेचा शेवट मालकाच्या धमकीने होतो : थांबला नाहीस तर शेतावर राबायला पाठवीन. हसू संपते तिथे सत्ता पुन्हा आपली जागा घेते. होरेसने ते लपवले नाही आणि तो स्वतः एका मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा होता, हे इथे विसरता येत नाही.

मराठीत या परंपरेतला एक माणूस पूर्वीच येऊन पोहोचला आहे. इसापाच्या गोष्टी सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये मराठीत आणल्या आणि पुढच्या पिढ्या त्यावर वाढल्या. इसाप हा सामोस बेटावरच्या एका मालकाचा गुलाम होता, असे हिरोडोटस सांगतो. लांडगा, कोकरू, सिंह आणि उंदीर यांच्या गोष्टी गुलामाच्या तोंडी घालून पुन्हा वाचल्या, की तात्पर्याच्या खाली दडलेले हसू दिसू लागते. जे सरळ बोलता येत नाही ते जनावरांच्या तोंडून बोललेले आहे.

हसण्याची किंमत

हास्याची दुसरी बाजूही शिकवावी लागते. अ‍ॅरिस्टोफनीसने इ. स. पू. ४२३ मध्ये ‘मेघ’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यात सॉक्रेटिस टोपलीत बसून अधांतरी लोंबकळत सूर्याचा विचार करतो आणि त्याच्या शाळेत खोटी बाजू खरी करून दाखवायची विद्या मिळते. कर्जबाजारी म्हातारा मुलाला तिथे पाठवतो. मुलगा शिकून येतो तो बापाला मारतो आणि ते योग्य कसे हेही सिद्ध करतो. शेवटी म्हातारा शाळेला आग लावतो. नाटक स्पर्धेत शेवटचे, तिसरे आले. पण २४ वर्षांनी सॉक्रेटिसवर खटला झाला तेव्हा, प्लेटोच्या म्हणण्याप्रमाणे, त्याने न्यायाधीशांना सांगितले की माझे खरे आरोपी जुने आहेत, तुम्ही लहान होतात तेव्हापासून ते तुमचे कान भरत आले आहेत. त्यात त्याने या सुखात्मिकेचा उल्लेख केला. नाटकाने सॉक्रेटिसला मारले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याच्या शिष्यांचे राजकारण, युद्धातला पराभव, शहराची भीती ही कारणे मोठी होती. पण विनोदाने बनवलेले चित्र माणसापेक्षा जास्त टिकते, हे यातून दिसते. गंमत अशी, की त्याच प्लेटोने पुढे ‘सिम्पोझियम’मध्ये सॉक्रेटिस आणि अ‍ॅरिस्टोफनीस यांना एकाच मेजवानीत रात्रभर गप्पा मारत बसवले.

उलट बाजूचा प्रसंग रोममधला, इ. स. १९२ चा. सम्राट कॉमोडस स्वतः आखाड्यात उतरून जनावरे मारत असे. एक दिवस त्याने शहामृग मारले, त्याचे मुंडके एका हातात आणि रक्ताळलेली तलवार दुसऱ्या हातात घेऊन तो सिनेटरांच्या रांगेपाशी आला आणि न बोलता नुसती मान हलवत हसला. तुमचेही असेच करीन, एवढाच अर्थ. रांगेत बसलेला इतिहासकार डिओ कॅसिउस लिहितो, की आम्हाला भीतीपेक्षा हसूच आवरेना. त्याने डोक्यावरच्या लॉरेलच्या माळेतली पाने तोडून चावायला सुरुवात केली आणि शेजाऱ्यांनाही तसे करायला लावले, म्हणजे हलणारे ओठ दिसू नयेत. त्या दिवशी हसणे दिसले असते तर मरण होते. साम्राज्यशाहीवरचा कोणताही धडा हा प्रसंग सांगतो तेवढे सांगत नाही.

आजचे विनोद, कालची माणसे

प्राचीन माणसांच्या विनोदावर मी भर देतो, प्राचीन माणसांवर आज केलेल्या विनोदावर कमी. दुसरा प्रकारही थोर आहे. गोसिनी आणि उदेर्झो यांचा अ‍ॅस्टेरिक्स १९५९ मध्ये फ्रेंचमध्ये अवतरला आणि आपल्याकडच्या शहरी मुलांनी तो इंग्रजीतून वाचला. माँटी पायथन मंडळींच्या १९७९ च्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या चित्रपटात रोमनांविरुद्धची घोषणा भिंतीवर लिहिणाऱ्याला रोमन अधिकारी पकडतो ते राजद्रोहासाठी नव्हे, तर लॅटिन व्याकरण चुकल्याबद्दल. विभक्ती सुधारून तीच घोषणा तो त्याला शंभर वेळा लिहायला लावतो. ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्या कोणालाही ते दृश्य थेट कळते. टेरी डियरी यांच्या ‘हॉरिबल हिस्टरीज’ मालिकेने इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या एका पिढीला रोमन इतिहासाची गोडी लावली, आणि मेरी बेअर्ड यांच्यासारख्या विदुषीने रोमन हास्यावर संशोधनपर ग्रंथच लिहिला.

तरी या प्रकारात दोन धोके आहेत. पहिला म्हणजे गमतीच्या ओघात चुकीची माहिती पक्की होते. रोमन लोक मेजवानीत ओकण्यासाठी वेगळी ‘व्होमिटोरियम’ नावाची खोली ठेवत, ही लोकप्रिय गोष्ट खोटी आहे. व्होमिटोरियम म्हणजे प्रेक्षागृहातून गर्दी बाहेर ‘ओतणारा’ मार्ग. दुसरा धोका मोठा आहे. अ‍ॅस्टेरिक्सच्या पानांत रोमन सैनिक आकाशात उडतात आणि डोक्यावर टेंगूळ घेऊन उठतात, मरत कोणीच नाही. सीझरच्या गॉल मोहिमेबद्दल प्लूटार्क दहा लाख मेले आणि तितकेच कैद झाले असे सांगतो. आकडा फुगवलेला असला तरी ती कत्तल होती आणि ते कैदी विकले गेले. हसवून दार उघडणारा शिक्षक त्या दारातून विद्यार्थ्याला आत नेत नसेल, तर त्याने फक्त करमणूक केली.

म्हणून विनोद सांगून झाला की मी फळ्यावर तीन प्रश्न लिहितो. कोण हसले? कोणावर हसले? आणि हसायला काय माहीत असावे लागले? तिसऱ्या प्रश्नातून संस्कृती कळते, दुसऱ्यातून सत्ता. पहिल्याचे उत्तर बहुतेकदा हाती लागत नाही, पण तो विचारलाच पाहिजे. तो प्रश्न त्या मागच्या बाकाचा आहे.

सत्राच्या शेवटच्या तासाला मी फिलोगेलोसमधला एक छोटा विनोद सांगतो. रोमने इ. स. २४८ मध्ये, फिलिप हा सम्राट असताना, नगराच्या स्थापनेचे हजारावे वर्ष मोठ्या थाटाने साजरे केले. त्या सहस्रकाच्या खेळांत हरलेला एक मल्ल रडत बसलेला पढतमूर्खाला दिसतो. पढतमूर्ख त्याची समजूत घालतो : वाईट वाटून घेऊ नकोस, पुढच्या सहस्रकाच्या खेळांत तूच जिंकशील. मुले मल्लाच्या आयुष्याचा हिशेब करून हसतात. मग कोणीतरी साम्राज्याच्या आयुष्याचा हिशेब करते, ४७६ हे साल आठवते, आणि वहीत काहीतरी लिहून घेते.